चूलबंद आवतन आणि सहा मिनिटं

मांडवात पहिली पंगत बसली होती. वाढपी वांग्याच्या भाजीच्या बादल्या घेऊन पळत होते, डीजेवाला स्वतःच जेवायला बसल्यामुळे जरा शांतता होती, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडच्या घरातून कुकरची शिट्टी आली. माझ्या हातातला पाण्याचा जग तिरपा झाला आणि एका पाहुण्याचं धोतर भिजलं. बाबा मांडवाच्या खांबाला हात लावून उभे होते. त्यांनीही ती शिट्टी ऐकली. त्यांच्या तोंडावरचा रंग मी माझ्या डोळ्यांनी उतरताना पाहिला.

कुकरच्या शिट्टीने कुणी इतकं हादरतं का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्या सोनाळ्यात वाटणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचं जेवण असतं आणि त्याचं आवतन त्याच दिवशी सकाळी द्यावं लागतं. पत्रिका कितीही आधी जाऊ दे, तिला कुणी विचारत नाही. सकाळी घरधन्याचा शब्द दारात आला पाहिजे. त्यातही चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांना बोलावणं, इतकं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. आता चुली गेल्या, गॅस आला, पण शब्द तोच राहिला. ज्या घराला चूलबंद आवतन गेलंय त्या घरात भर दुपारी कुकर वाजला, तर त्याचा अर्थ एकच होतो. तुमच्या दारात जेवायला आम्ही येत नाही.

आणि ते घर माझ्या मोठ्या बाबांचं होतं. म्हणजे बाबांच्या सख्ख्या मोठ्या भावाचं.

दोघांचं भांडण काय, तर गावच्या सेवा सोसायटीची निवडणूक. दोघं दोन पॅनेलमधून उभे राहिले आणि दोघेही पडले. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने आपल्याला पाडलं. मला हे भांडण आठवलं की आजही डोक्यात तिडीक जाते. हरलेल्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकायचं, आणि तेही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहून! तेव्हापासून इकडचं ताक तिकडे गेलं ते मोठी आई आणि माझी आई यांच्यामुळे, मागच्या दारातून. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हाही त्याच दारातून निरोप आला. मोठी आई म्हणाली, "आवतन आलं तं येतील ते. म्या इचारलं त्याइले. नाही म्हनले नाहीत."

आईने हे बाबांना सांगितलं तेव्हा ते ताटावरून न उठता म्हणाले, "मंग देऊ आवतन." बस्, एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली. सून येणार म्हणून माणूस जेवढा खूश होतो त्यापेक्षा ते जास्त खूश होते. त्यांना मुलाच्या लग्नातून भाऊ परत मिळणार होता.

आता आवतन द्यायचं कसं? पूर्वी गावभर फिरून आवतन देणारे एक आजोबा होते. त्यांचे गुडघे गेले आणि ते काम करायला पुढे कुणी आलं नाही. म्हणून माझ्या भावाने डोकं चालवलं. तो तालुक्याला कॉम्प्युटरचे क्लास घेतो. त्याने गावातल्या घरांचे फोन नंबर एका ऑनलाइन शीटमध्ये भरले, तिला एक स्क्रिप्ट जोडली आणि ठरवलं की सकाळी एक बटण दाबायचं. स्क्रिप्टने एकेक नंबर घ्यायचा, त्या घरी फोन लावायचा आणि बाबांच्या आवाजातलं आवतन ऐकवायचं. शब्द घरधन्याचाच हवा ना, मग तो टेप केलेला का असेना.

मला वाटलं होतं, बाबा त्याला झिडकारतील. मोबाइलवर हवामान बघायलाही ते दुसऱ्याला सांगतात. पण ते मुकाट्याने मोबाइल घेऊन कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि आतून त्यांचा आवाज येत राहिला. एकदा म्हटलं, पुसलं. परत म्हटलं, परत पुसलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. कुटाराची धूळ, म्हणाले.

त्या आवतनात ते म्हणाले होते, "आज आपल्या घरी मांडवाचं जेवन हाय. चूलबंद आवतन हाय. लहान-मोठे सारे या. वाट पाहून राह्यलो, या हो."

घरांचा क्रम मात्र भावाने जुनाच ठेवला. आवतन देणारे आजोबा मारुतीच्या पारापासून सुरुवात करायचे, मग गाव, मग आमची गल्ली, आणि भावकी सगळ्यात शेवटी. आपली माणसं आपलीच असतात, आधी मान दुसऱ्यांना, असा तो रिवाज. भावकीतही सगळ्यात जवळचं घर अगदी शेवटचं. म्हणजे शीटची शेवटची ओळ मोठ्या बाबांची होती.

इथे मला माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल. मी हेच काम करते, पोटासाठी. नोकरी पुण्याची आणि वर्षातले बरेच महिने काम घरून. स्क्रिप्ट म्हणजे मशीनने एकापाठोपाठ एक काय करायचं, त्या सूचना. बऱ्याच स्क्रिप्टना तेच तेच काम लागतं, फोन नंबर साफ करणं, फोन लावणं, लागला नाही तर पुन्हा लावणं. ते दर वेळी नव्याने कोण लिहीत बसणार? म्हणून असा कोड एका जागी लिहून ठेवतात आणि ज्याला लागेल तो आपल्या स्क्रिप्टमधून त्याला हाक मारतो. त्याला लायब्ररी म्हणतात. माझी अशी एक लायब्ररी होती. ती आमच्या भागातल्या संत्रा बागायतदारांच्या गटाच्या स्क्रिप्टला जोडलेली होती, आणि भावाने लग्नाच्या स्क्रिप्टलाही तीच जोडली. मला म्हणाला होता, "ताई, तुयी लायब्ररी घेऊन राह्यलो बरं." मी म्हटलं, "घे ना बे, विचारतो काऊन?"

आता दुसरी गोष्ट. ही मशीन दुसऱ्याची असते, दूर कुठेतरी ठेवलेली. एखादी स्क्रिप्ट गोल गोल फिरत बसली तर ती जन्मभर फिरत राहील, म्हणून मशीनवाले प्रत्येक स्क्रिप्टला वेळ ठरवून देतात. आमच्याकडे ती सहा मिनिटं होती. सहा मिनिटं झाली की स्क्रिप्ट जिथे असेल तिथे मारून टाकतात. अर्धं वाक्य असलं तरी तिथेच. जे झालं ते झालं, जे राहिलं ते राहिलं. ‘मी मरतेय, एवढं राहिलंय’ असं सांगायलाही तिला सवड मिळत नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळी भाऊ हळद लागून पाटावर बसलेला होता. आईने त्याच्याकडून फोन काढून घेण्याआधी त्याने पिवळ्या बोटाने बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही, आणि मग मांडवात मदतीला आलेल्या पाराजवळच्या एका माणसाचा खिसा वाजला. त्याने फोन उचलला, स्पीकर लावला, आणि बाबांचा आवाज मांडवात घुमला. मग दुसऱ्याचा खिसा, मग आचाऱ्याचा. लोक हसायला लागले. बाबा लाजले, पण जागेवरून हलले नाहीत.

"सगळ्याइले जाईन ना?" त्यांनी भावाला विचारलं.

"हाव बाबा, चालू झालं. आता काईच कराचं नाही."

आईने फोन घेतला आणि कपाटात ठेवून दिला. नवरदेवाने फोनवर बोलत बसू नये म्हणून.

गाव आलं. पारावरचे आले, बाजारगल्लीतले आले, लहान पोरं तर दोनदा आली. मोठ्या बाबांसाठी म्हणून बाबांनी पंगतीच्या सुरुवातीची एक पत्रावळ रिकामी ठेवायला सांगितली होती. कुणी तिथे बसायला आलं की ते स्वतः त्याला हात धरून दुसरीकडे बसवत. ती पत्रावळ तशीच राहिली आणि मग ती शिट्टी झाली.

बाबा खांबापासून सुटून खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आई जवळ गेली तर म्हणाले, "आवतन गेलं. तरी नाही आला. आता संपलं." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. मग त्यांनी वाढप्याला बोलावून ती रिकामी पत्रावळ उचलायला लावली.

माझा तर संताप झाला. मनात मोठ्या बाबांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुतण्याच्या मांडवाला न येणारा हा कसला माणूस! तिरमिरीत मी दुसऱ्या पंगतीला पाणी वाढायला गेले, आणि वाढता वाढता माझे पाय थांबले. धाकट्या चुलत्यांकडचं कुणी नव्हतं. समोरच्या घरच्या आत्याबाई नव्हत्या. गल्लीच्या टोकाचे, ज्यांच्याशी आमचं कधी भांडण झालं नाही, तेही नव्हते. आमच्या गल्लीतलं एकही माणूस मांडवात नव्हतं.

आणि कुणी फोन करून विचारलंही नव्हतं. विचारणार तरी कसं? आवतन कुणी मागून घेतं का? नाही आलं तर माणूस घरी बसतो, दार लावून घेतो आणि मनात धरतो. पुढे कित्येक वर्षं धरतो.

मी जग तिथेच ठेवला आणि आत पळाले. लॅपटॉप धान्याच्या कोठीवर होता. स्क्रिप्टची नोंद उघडली तर समोर लाल ओळ. ठरलेला वेळ संपल्यामुळे काम थांबवण्यात आलं आहे. शेवटचा लागलेला फोन कुणाचा, तर आमच्या गल्लीच्या अलीकडच्या घराचा. तिथे ती मेली होती. तसा मेलही भावाला लगेच आला होता आणि कपाटात, साड्यांच्या घडीखाली, वाट बघत पडला होता.

पण का? भावाने आधी खोटे नंबर घालून करून बघितलं होतं. सगळं गाव त्या वेळात आरामात बसत होतं. मी माझी लायब्ररी उघडली आणि कारण समोरच दिसलं.

आदल्याच संध्याकाळी संत्र्याच्या गटाचा निरोप आला होता की, काही फोन जातच नाहीत. कारण साधं होतं. फोन फार भराभर लावले की पलीकडची फोनची सेवा ते नाकारते. मी लायब्ररीत एक ओळ घातली, प्रत्येक फोननंतर जरा थांब. गटात माणसं मोजकी, त्यांचं काम झालं. मी खूश होऊन मांडवाच्या तयारीला लागले. माझ्या भावाने मात्र लायब्ररी जोडताना तिची एक पक्की प्रत धरली नव्हती, जी ताजी असेल ती, असं धरलं होतं. त्यामुळे माझी ओळ रातोरात त्याच्या स्क्रिप्टमध्ये जाऊन बसली. घराघराला एक छोटी विश्रांती. आणि ती विश्रांती घेतली माझ्या लायब्ररीने, पण वेळ खर्च झाला त्याच्या स्क्रिप्टचा. लायब्ररीला स्वतःचं घड्याळ नसतं. जो हाक मारतो त्याच्याच सहा मिनिटांतून ती खाते, झोपून राहिली तरी खाते. हे मला माहीत होतं. ते माहीत असणं हाच माझा धंदा आहे. तरी माझ्या एका शहाण्या ओळीने बाबांचा भाऊ खाल्ला होता.

जिथे तुटलं होतं तिथून पुढची घरं घ्यायला सांगून मी स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. गल्लीची घरं थोडी, ती सहा मिनिटांच्या आत बसणार होती. मग मी मांडवात बाबांकडे गेले.

"बाबा, मोठ्या बाबाइले आवतन गेलंच नाही."

त्यांनी मान वर केली.

"आपल्या साऱ्या गल्लीलेच नाही गेलं. मशीननं मधातच काम बंद केलं. तिचा टाइम संपला."

"तुया भाऊ तं म्हने, तुया कोड घेतला. तुया टाइम वेगळा नसते काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी ऑफिसात नव्या मुलांना फळ्यावर चित्र काढून देते. बाबांना तसं कसं देणार? मी म्हटलं, "बाबा, वावरात पानी देतांनी दुसऱ्याची मोटर आणली, तं लाइन जास्त वेळ राह्यते काय? लाइन आपल्याच वावराची. ती गेली का मोटर कोनाचीबी असो, बंद."

हे त्यांना एका दमात कळलं. बारमाही बघतात ते. विजेची लाइन जाते आणि अर्धं वावर ओलं, अर्धं कोरडं राहतं.

"मंग कोरडं राह्यलं ते आपलंच?"

"हो."

बाबांच्या मांडीवरची टोपी खाली पडली. "म्हंजे त्यानं नाही म्हटलंच नाही," ते हळू म्हणाले. मग एकदम माझा हात धरला. "म्या त्याची पत्रावळ उचलाले लावली वं!"

मी सांगितलं की, आता फोन जाऊन राह्यले, थोड्या वेळात त्यांनाही जाईल. पण ते थांबले नाहीत. टोपी उचलली, झटकली, उलटी घातली आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागे गेले.

मोठ्या बाबांचं दार उघडं होतं. ओसरीवरच्या बाजेवर ते बसलेले होते. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा नेहरूशर्ट. नवी टोपी. खांद्यावर घडीचा दुपट्टा. खाली चपला जोडीने मांडून ठेवलेल्या. लग्नाला जायचा माणूस जसा बसतो तसे ते बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

मोठी आई आतून आली. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "सकायपासून असेच बसून हायेत. म्या म्हटलं, औषधाच्या गोया घ्याच्या हायत, आता कोनी येत नाही, चार घास खाऊन घ्या. कुकर लावला. तं म्हनतात, शिजू दे, पन वाढू नको."

ते ऐकून बाबा ओसरीची पायरी चढले. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द येईना. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तेव्हा मला कळलं की कुटाराच्या खोलीत दार लावून बाबा गावाला आवतन देत नव्हते. सगळं आवतन एका माणसासाठी होतं, आणि त्याच्यासमोर उभं राहून ते जमणार नाही म्हणूनच त्यांनी मशीनला इतक्या मुकाट्याने होकार दिला होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला एक फोन वाजला. स्पीकरवर बाबांचा आवाज आला, "चूलबंद आवतन हाय." मग त्याच्या अलीकडच्या घरात तोच आवाज. मग समोर, आत्याबाईंच्या अंगणात. बाबांचा आवाज घर घर करत आमच्या दिशेने येत होता आणि बाबा मात्र मुके होऊन उभे होते. मोठे बाबा कान देऊन ऐकायला लागले. त्यांना काय चाललंय ते समजेना.

मग बाजेवरचा फोन वाजला. शीटची शेवटची ओळ.

मोठ्या बाबांना ऐकू कमी येतं, त्यांचा फोन कायम मोठ्याने असतो. "आज आपल्या घरी मांडवाचं जेवन हाय. चूलबंद आवतन हाय. लहान-मोठे सारे या. वाट पाहून राह्यलो, या हो." फोन बंद झाला. त्यांनी तो बाजेवर ठेवला. मग पहिल्यांदा बाबांकडे सरळ बघितलं.

"हे कोनाले म्हनून राह्यला बे तू?"

"तुले, भाऊ."

"मंग तोंडानं म्हन ना."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "आज आपल्या घरी मांडवाचं…" म्हणाले आणि तिथेच अडकले. उरलेल्या आवतनासाठी मोठे बाबा थांबले नाहीत. त्यांनी चपला पायात सरकवल्या.